पाच पोरं, एक खोली आणि आडवी वही

घरात शिकणारं एकच पोर असेल तर त्याच्या अभ्यासाचा हिशेब आईच्या डोक्यात राहतो. दोन असली तरी निभावतं. तीनच्या पुढे गेलं की डोक्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. कोणाचा पाढा कुठवर आला, कोणाला कालचं गणित कळलं नव्हतं, कोण आठ दिवस नुसतं पुस्तक उघडून बसतंय, हे सगळं एकमेकांत मिसळून जातं. डेअरीला दूध घातलं आणि पुस्तकात लिटर-फॅट लिहून आणलं नाही तर पगाराच्या दिवशी भांडण ठरलेलं. पोरांच्या अभ्यासाचंही तसंच आहे. फक्त तिथे भांडायला समोर कोणी नसतं, म्हणून नुकसान झालेलं कळत नाही.

हे आज लिहायचं कारण असं, की गेल्या सुगीत आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या दोघी-तिघींनी मला एकच प्रश्न विचारला. कोरोनाच्या दोन सालांत तुम्ही पाच पोरं एका खोलीत बसवलीत, ती कशी? एकीची पोरं पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की चार-चार दिवस शाळेला मुकतात. दुसरीची भाची ऊसतोडीच्या आईबापामागे जाऊन पाच महिन्यांनी परत येते. तिसरीचा मुलगा मोठ्या आजारातून उठलाय, अजून सायकल मारायची ताकद नाही. तेव्हा आमच्या घरची हकीकत सगळ्यांच्याच उपयोगी पडावी म्हणून सविस्तर सांगते.

आमचं एकत्र कुटुंब. मामंजी, सासूबाई, थोरले दीर आणि जाऊबाई, आम्ही दोघं, आणि पोरं पाच. ताई, दादा आणि चिमी ही जाऊबाईंची. बाळू आणि सोन्या माझे. गावापासून तीन किलोमीटरवर वस्ती. कांदा, गहू, बाजरी, थोडा ऊस आणि सहा गाई. माझं शिक्षण बारावीपर्यंत, तेही लग्नानंतर बाहेरून परीक्षा देऊन. म्हणजे मी काही शिक्षिका नव्हे.

मार्च २०२० च्या मध्याला शाळा बंद झाल्या. आधी वाटलं, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. मग २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली, वार्षिक परीक्षा रद्द झाल्या आणि पोरं न लिहिताच वरच्या वर्गात गेली. जून आला तेव्हा ताई दहावीत, दादा आठवीत, बाळू पाचवीत, चिमी दुसरीत आणि सोन्याचं नाव पहिलीत घातलेलं. सोन्याने शाळेचा उंबरा ओलांडला तो थेट १ डिसेंबर २०२१ रोजी, कारण राज्यात गावोगावचे पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते त्या दिवशी. तोवर तो दुसरीत गेला होता. चिमी पहिलीत असताना घरी आली ती तिसरीत परत गेली. लहान पोराच्या आयुष्यात पावणेदोन वर्षं म्हणजे किती, ते आपल्याला कळायला हवं.

फोनवर शाळा सुरू आहे असं सगळे सांगत होते. आमच्या घरी चांगला फोन एकच, आणि तो कांद्याच्या गाडीबरोबर बाजार समितीत जायचा. त्यावर सकाळी आलेला अभ्यास रात्री दिसायचा, तोही पाच जणांचा एकत्र. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. ती चांगली होती, पोरं आवडीने बघायची. पण आमच्या भागात दिवसा वीज असेलच याची खात्री नसायची. एकूण काय, घरात बसून शिकवण्याला पर्याय नव्हता.

आता खोलीबद्दल. पडवीच्या टोकाला आमची एक खोली आहे. तिच्यात खताच्या गोण्या, बियाणं, फवारणीचा पंप आणि औषधांच्या बाटल्या असायच्या. तीच रिकामी करायची ठरवली. औषधं आधी हलवली. घरापासून लांब, विहिरीकडे न जाणाऱ्या बाजूला एक लोखंडी पेटी ठेवून तिला कुलूप लावलं. खोली दोनदा धुतली, चुन्याचे दोन हात दिले आणि पंधरा दिवस दार-खिडकी उघडी टाकली. जिथे फवारणीचं औषध होतं तिथे लगेच पोरांना बसवू नका. वास गेला असं आपल्याला वाटतं, पण जमिनीवर सांडलेलं असतं.

छपराचा एक पत्रा काढून त्या जागी उजेडाचा प्लॅस्टिकचा पत्रा बसवला. त्याने विजेची गरजच संपली. फळा विकत आणला नाही. स्वयंपाकाच्या ओट्याचे कडप्प्याचे तुकडे गोठ्यामागे पडले होते. त्यांची गुळगुळीत बाजू भिंतीकडे आणि खरबरीत बाजू पुढे करून तीन तुकडे तीन उंचीवर बसवले. सर्वांत खालचा सोन्याच्या छातीइतका. खडूने त्यावर पाटीसारखं उमटतं, ओल्या फडक्याने निघतं. ज्याच्या उंचीचा त्याचाच फळा, त्यावर दुसऱ्याने लिहायचं नाही, हा नियम पोरांनीच केला आणि तो मोडला की मारामाऱ्याही त्यांनीच केल्या.

कपाटाऐवजी गोडेतेलाचे पंधरा किलोचे पाच रिकामे डबे घेतले. एक बाजू कापून, कडा आत वळवून ठोकल्या आणि आडवे करून भिंतीला एकावर एक लावले. प्रत्येकाचा एक डबा. त्यात पुस्तकं, वह्या, पेन्सिल, बस्स. कडा नीट वळवा, नाहीतर हात चिरतो. प्रत्येकाला एक खुंटी आणि बसायला एक पोतं. खुर्च्या-टेबलाची काही गरज पडली नाही. ताईला मात्र मामंजींनी जुन्या पेटीचा उतरता डेस्क करून दिला, कारण दहावीचं लिहिणं जास्त. या सगळ्याला मोजून चौदाशे रुपये लागले आणि त्यातले निम्म्याहून जास्त त्या पत्र्याला गेले.

वेळ मात्र खोलीसारखी बांधता येत नाही. शेतकऱ्याच्या घरी घड्याळ गाईचं आणि पाण्याच्या पाळीचं. सकाळी धारा होऊन दूध डेअरीवर गेलं की साडेआठ ते साडेदहा, दुपारची जेवणं उरकली की दोन ते साडेतीन, आणि दिवेलागणीनंतर तासभर. तो फक्त पाढे, पाठांतर आणि गोष्टी. रात्रीची लाईट असेल तेव्हा माणसं पाणी भरायला जात, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा दुपारी. हे ठरवून टाकलं म्हणजे रोज कटकट होत नाही.

पाच इयत्ता एकाच वेळी शिकवता येतात का? येतात, पण एकाच वेळी पाचांशी बोलता येत नाही. आधी सर्वांत लहानाशी बसायचं, कारण त्याला धीर नसतो. तोवर मोठ्यांचं काम फळ्यावर लिहून तयार हवं. सोन्याला वीस मिनिटं, चिमीला अर्धा तास, मग ती दोघं अंगणात चिंचोके मोजायला मोकळी. नंतर बाळू, मग दादा. ताईला शिकवण्याइतकं मला येतच नव्हतं. तिने वाचायचं आणि मला समजावून सांगायचं. विज्ञानातला धडा ज्या दिवशी मला कळायचा त्या दिवशी तो तिलाही कळलेला असायचा.

मोठ्याने धाकट्याला शिकवायचं ही रीत चांगली, पण तिला मर्यादा हवी. आम्ही दिवसाला अर्धा तास ठरवला होता आणि पाळी लावली होती. पाळी नसेल तर ते काम थोरल्या पोरीच्या गळ्यात कायमचं पडतं. कडेवर भावंडं घेऊन फिरणाऱ्या मुली आपण काय पाहिल्या नाहीत? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९५७ पासून डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होती. धाकट्याला सांभाळायची सोय असेल तरच थोरली शाळेत येईल, हे त्यांनी ओळखलं होतं. गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली, म्हणजे शाळाच कुरणात नेली. आमच्या चिमीने बाराखडी शेळ्यांमागेच घोकली. त्यात कमीपणा काही नाही.

शिकवायचं साहित्यही घरातच होतं. पाठ्यपुस्तकं मिळाली होती, पण दादाला शेकडेवारी कळेना. मग खताच्या रिकाम्या गोणीवर बोट ठेवलं. १०:२६:२६ ची ५० किलोची गोणी. तिच्यात नत्र किती? पाच किलो. स्फुरद तेरा, पालाश तेरा. मग युरियाची ४५ किलोची गोणी आणि नत्र ४६ टक्के. त्याने वाळूत काडीने गुणाकार केला आणि २० किलो ७०० ग्रॅम असं उत्तर आणलं. मग तोच म्हणाला, "काकू, अठरा-सेहेचाळीसमध्ये पालाश नाहीच की!" बापाने इतकी वर्षं खत टाकलं, पण हे पोराने वाचून सांगितलं. बाळूचे दशांश अपूर्णांक डेअरीच्या पावतीवर झाले. साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ हे तर त्याला पाठच होतं. गुंठा म्हणजे तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट, हे पोरांनी दोरी धरून खळ्यातच आखलं. १०८९ चौरस फूट कागदावर काही वाटत नाही, आखल्यावर वाटतं.

संध्याकाळचा तास मामंजींचा. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ. एका गाईला अडीच किलो पेंड तर सहा गाईंना किती, असं म्हणेपर्यंत त्यांचे पंधरा होत. पोरं आधी हसली, मग त्यांच्याशी शर्यत लावू लागली. हल्लीच्या पुस्तकांतून हे गेलं आणि मला त्याचं वाईट वाटतं. बाजारात काट्यासमोर उभं राहिलं की अजूनही हेच कामाला येतं.

आता वहीबद्दल. सर्वांत महत्त्वाचं तेच आहे.

दुकानातून हिशेबाची आडवी, जाड पुठ्ठ्याची वही आणली. रोज एक पान. वर तारीख आणि खाली पाच रेघा, एकेका पोराची एक. रकाने चारच. बसलं का. काय केलं. कुठे अडलं. बसलं नसेल तर का नाही. चौथा रकाना आधी नव्हता, आठ दिवसांनी घातला. जाऊबाई म्हणाल्या, "नुसता काटा मारलास तर महिन्याने तुलाच कळायचं नाही पोर आजारी होतं की हिंडत होतं." त्या स्वतः सातवीत शाळेतून निघालेल्या, पण म्हणणं शंभर टक्के बरोबर.

या वहीत गुण लिहायचे नाहीत, हे मी पहिल्यापासून ठरवलं. हुशार, ढ, आळशी हे शब्दही नाहीत. एका घरातल्या पाच पोरांची तुलना करायला नातेवाईक पुरेसे आहेत. ज्याची रेघ त्याने भरायची. लिहिता येत नव्हतं तोवर सोन्याची मी भरायची. सोन्या नुसतं चित्र काढायचा, मका शिकला तर कणीस. रोज लिहायला पाच मिनिटांच्या वर लागता कामा नयेत. ज्या बाया सुंदर अक्षरात, रंगीत पेनाने, पानभर लिहायला घेतात त्यांची वही पोळ्यापर्यंत टिकते.

याशिवाय दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी प्रत्येकाने एका कोऱ्या कागदावर काहीतरी लिहायचं, वर तारीख टाकायची आणि तो कागद ज्याच्या त्याच्या पिशवीत. एवढंच. सहा महिन्यांनी ते कागद ओळीने मांडले की पोर कुठून कुठे आलं ते निरक्षर आजीलाही दिसतं.

वहीचा पहिला उपयोग चिमीच्या बाबतीत झाला. ती धडे खडाखडा वाचायची. आम्ही खूश. पण जुलैपासून तिच्या 'कुठे अडलं' या रकान्यात एकसारखं 'लिहिताना' असं येत होतं. वाचताना कधीच नाही. तीन आठवडे तेच बघून मला शंका आली. मी धड्याचं चित्र हाताने झाकलं आणि मधल्या ओळीवर बोट ठेवून वाच म्हटलं. चिमी गप्प. तिला धडा पाठ होता, वाचता येत नव्हता. घ आणि ध तिला एकच वाटत, म आणि भ तसेच. मग पुस्तक बाजूला ठेवलं. क, म, ल, र, ब एवढीच अक्षरं घेऊन त्यांचे शब्द केले आणि घ-धची जोडी कडप्प्यावर रोज दहा वेळा शेजारी शेजारी. बियाणांच्या पाकिटांवरची नावं, किराणाच्या पिशव्या, पंचांगातल्या जाहिराती, जे ती कधीही पाठ करू शकणार नाही ते वाचायला दिलं. दिवाळीनंतर ती अडखळत का होईना खरं वाचू लागली. एवढ्या पोरांत ते एरवी आम्हाला दिसलंच नसतं.

दुसरा उपयोग झाला तो मात्र अभ्यासापलीकडचा होता.

दिवाळीच्या सुमाराला नात्यातले एक पाहुणे आले. ताईसाठी स्थळ घेऊन. मुलगा चांगला, बागायती आहे. ताई तेव्हा पंधरा पुरी. पाहुण्यांचं म्हणणं असं, "पोरगी घरीच तर आहे. शाळा कधी उघडेल देव जाणे. सध्या पन्नास माणसांत काम उरकतंय, मांडव नको, जेवणावळी नकोत. पुढं हा योग यायचा नाही." त्या दिवसांत असे 'योग' कितीतरी घरांनी साधले, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मामंजी म्हणाले, "बघू." त्यांचं बघू म्हणजे निम्मा होकार. जाऊबाई आत चुलीपाशी होत्या. त्यांचा चेहरा मी पाहिला, पण सासऱ्यांपुढे त्या कधीच बोलल्या नाहीत. मी धाकटी सून, आणि पोरगी माझी नव्हे.

रात्री मामंजी डेअरीच्या दहा दिवसांच्या पावत्या घेऊन बसले होते. पुस्तकाशी ताळा लावल्याशिवाय ते कधी पगार धरत नाहीत. मी त्यांच्यापुढे आडवी वही ठेवली. म्हटलं, "मामंजी, दुधाचं झालं की जरा हीही तपासा. आकडे मी जुळवलेले नाहीत."

त्यांनी चष्मा पुसला आणि बाळूला पेन्सिल आणायला सांगितली. १ जुलैपासून दिवाळीपर्यंत, रविवार आणि सणवार सोडून, खोली १०४ दिवस भरली होती. त्यांनी एकेका पोराच्या काड्या मारल्या. बाळू ६ दिवस बसला नव्हता. दादा ९. ताई ४१. ताईच्या चौथ्या रकान्यात तिने दर वेळी एकच शब्द लिहिला होता. त्यांनी शब्दांच्याही काड्या मारल्या. भाकरी १४. धुणं ११. आजी ९. कांदा ७. सासूबाई आजारी होत्या तेव्हा त्यांच्यापाशी ताईच बसायची, ते 'आजी'. शेतात मजूर असले की त्यांच्या भाकरी, ते 'भाकरी'.

त्यांनी ताईला हाक मारली. "हे भाकरी काय गं?"

"भाकरी करत होते आजोबा, म्हणून बसले नाही."

"अन् मग हा धडा पुरा झालेला लिहिलाय तो?"

"रात्री केला."

त्यांनी मागची पानं पुन्हा चाळली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग जाऊबाईंकडे न बघताच म्हणाले, "पोरीला एक्केचाळीस दिवस आपण कामाला जुंपली, तरी पुस्तक संपवत आणलंय तिनं. आणि दादा, तू रे? नऊ दिवसांत तू काय केलंस?" दादाच्या रकान्यात ट्रॅक्टर असं पाच वेळा होतं आणि चार वेळा काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे चहाला थांबले तेव्हा मामंजींनी सांगितलं की पोरीची दहावी होऊ द्या आणि अठरा पुरी होईपर्यंत आमच्याकडे हा विषय काढू नका. अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. हे पाहुण्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण आमच्याकडून कोणी बोलून दाखवील असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांना राग आला. अजूनही ते आमच्याकडे कार्यापुरतेच येतात. येऊ देत.

घरातली कामंही तेव्हाच वाटली गेली. सगळ्यांचं धुणं ज्याचं त्याने. पाणी भरणं आणि शेण काढणं दादा-बाळूकडे. मजुरांच्या भाकरी जाऊबाई आणि मी. आजीपाशी पाळीपाळीने सगळे, मुलगेसुद्धा. दादाने पहिले आठ दिवस कुरकुर केली. पोरांना आधी चिडवायला यायची ती वस्तीवरची इतर पोरं, कपडे पिळताना बघून. मग त्यातल्या एकाने विचारलं की तुमच्या खोलीत मीही बसू का. त्याची सहावी रेघ काही महिने आमच्या वहीत आहे.

२३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीच्या वर्गांना परवानगी मिळाली आणि २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीच्या. ताई, मग दादा आणि बाळू शाळेत जाऊ लागले, तोच दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलूप. एप्रिल २०२१ मध्ये राज्य मंडळाने दहावीची परीक्षाच रद्द केली. निकाल लावायचा तो असा: नववीच्या निकालाचे ५० गुण, दहावीतल्या वर्षभराच्या लेखी मूल्यमापनाचे ३० आणि गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिक यांचे २०. शिक्षकांचे फोन आले की वर्षभराच्या वह्या आणा. काही घरांत त्या वह्या चुलीत गेल्या होत्या, काहींवर उधारीचे हिशेब होते. ताईच्या डब्यात सगळ्या होत्या, तारखेनिशी. गुण चांगले पडले. त्या साली सगळ्यांनाच चांगले पडले, तेव्हा त्याची फुशारकी मारत नाही. पण तिने पुढे सायन्स घेतलं, २०२३ मध्ये बारावी झाली आणि आता नर्सिंग शिकते आहे.

कोणी असं समजू नये की घरची खोली म्हणजे शाळा. मला तसं अजिबात वाटत नाही. दादाला वर्गातली पोरं हवी होती, मास्तरांचा दरारा हवा होता, कबड्डी हवी होती. ते मी देऊ शकत नव्हते. ज्यांची पोरं काही कारणाने शाळेबाहेर राहिली असतील त्यांनी दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार सहा ते चौदा वयाच्या, शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यावं लागतं आणि मागे पडलेलं भरून काढायला वेगळं शिकवावं लागतं. आधीच्या शाळेचा दाखला नाही, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दहावी-बारावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. मी तशीच बसले होते. ऊसतोडीवरून परतलेल्या पोराला घेऊन शाळेत जाल तेव्हा मोकळ्या हाताने जाऊ नका. त्याने तिकडे कोपीवर बसून जे काही लिहिलं असेल, तारीख टाकलेले चार कागद का असेनात, ते बरोबर न्या. म्हणजे वर्गशिक्षकांना सुरुवात कुठून करायची ते कळतं.

१ डिसेंबर २०२१ ला चिमी आणि सोन्याला शाळेत सोडायला मी गेले तेव्हा पिशवीत वह्या होत्या. बाई म्हणाल्या, "सगळीच पोरं विसरलीत हो, कुणाचं काय राहिलंय हेच कळायला महिना जाईल." मी चिमीचं शेवटचं पान उघडून दिलं. जोडाक्षरांत र आला की अडते, हातच्याची वजाबाकी झालीय, पाढे बारापर्यंत. सोन्याचं पान वेगळं. त्याला वाचता येतं, पण रांगेत बसायची सवय नाही, दर पाच मिनिटांनी उठून पाणी प्यायला जातो. बाईंनी वही दोन दिवस ठेवून घेतली. परत आली तेव्हा चिमीच्या रेघेखाली त्यांनी आपल्या लाल पेनाने लिहिलं होतं, "ग्रह, प्राणी, ट्रक, सूर्य, रोज पाच शब्द." त्या दिवसापासून खोली फक्त दिवेलागणीनंतर भरू लागली. दिवसा तिथे आता पुन्हा बियाणं असतं. औषधांची पेटी मात्र बाहेरच आहे.